डाव्या दाराची तक्रार

दहावीचा निकाल लागला, की पुढल्या पंधरा-वीस दिवसांत माझ्या मुलुंडच्या खोलीत जी माणसे येतात, त्यांचे पोशाख, पगार आणि हातांतील गुणपत्रिका निरनिराळ्या असल्या, तरी त्यांच्या तोंडचा प्रश्न मात्र इतका एकसारखा असतो, की तो दारावर छापून लावावा, उत्तरही त्याखालीच छापावे आणि आपण खुशाल गावी निघून जावे, असा विचार दर वर्षी माझ्या मनात येतो. प्रश्न एवढाच: "कॉम्प्युटर मिळेल ना?" अलीकडे त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचे शेपूट चिकटले आहे, आणि ते चिकटल्यापासून आईवडिलांच्या मुद्रेवरील चिंता जेवढी वाढली, त्याहून क्लासवाल्यांच्या फीचा आकडा अधिक वेगाने वाढला आहे. विचारणारे गृहस्थ बोरिवलीहून आलेले असोत वा घाटकोपरहून, ते मुलाकडे पाहत नाहीत; मुलगाही त्यांच्याकडे पाहत नाही; आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या खुर्चीवर शेजारच्या इमारतीतला, संगणक शाखेत प्रवेश मिळवून बसलेला कोणी एक आदर्श बालक अदृश्य रूपाने विराजमान झालेला असतो.

चार वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये असेच एक गृहस्थ आले. मुलुंड पूर्वेला राहणारे, राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करणारे, बोलण्यात आणि भांगात सारखीच शिस्त असलेले. मुलाला दहावीत चौसष्ट टक्के पडले होते. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारलाच. परंतु त्याआधी त्यांनी मुलाविरुद्ध एक कैफियत रुजू केली, आणि ती ऐकल्यापासून मी या विषयावर लिहिण्याचे योजून आहे.

कैफियत अशी होती. घरची मोटार सात वर्षांची. तिच्या पुढल्या डाव्या दारातला स्पीकर खरखरू लागला, कधी अजिबात मुका होऊ लागला. गृहस्थ एका दिव्यांनी झगमगणाऱ्या दुकानात गेले. तेथील इसमाने गाणे दहा सेकंद ऐकले, कोणत्याही हत्याराला हात न लावता "चारही स्पीकर बदलावे लागतील, डेकही आता जुना झाला" असा निवाडा दिला आणि अठ्ठावीस हजारांचा अंदाज एका कागदावर लिहून हाती ठेवला. गृहस्थ विचार करायला घरी आले. रविवारी दुपारी त्यांचा डोळा लागला असता चिरंजीवांनी सोसायटीच्या आवारात मोटारीचे दार सोलून ठेवले.

"सर, परीक्षा संपल्यापासून ह्याचं हेच चाललंय. मिक्सर उघड, पंखा उघड, आता गाडी. काय करायचं ह्याचं?"

"स्पीकर वाजला का?" मी विचारले.

"वाजला. पण प्रश्न तो नाही ना सर."

मला मात्र प्रश्न तोच वाटत होता, आणि म्हणून मी वडिलांना चहा देऊन मुलाकडे वळलो. पहिली पाच मिनिटे तो बोलेना. कागद आणि पेन्सिल पुढे सरकवल्यावर त्याने दाराची आकृती काढली, आणि मग त्याचे तोंड उघडले. आधी काय उघडलेस, असे मी विचारताच तो म्हणाला, "आधी काहीच उघडलं नाही. नुसतं ऐकलं." डेकमध्ये आवाज डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे सरकवण्याची जी सोय असते, तिच्या साहाय्याने त्याने आवाज एकेका कोपऱ्यात नेला, तीन कोपरे स्वच्छ, एकच खरखरणारा. मग गाणे मोबाइलवरून लावले, मग रेडिओवरून. खरखर दोन्हींत तीच. याचा अर्थ गाण्याचा उगम निर्दोष. मग त्याने वडिलांना विचारले, की आवाज बंद पडतो तो नेमका कधी? वडील म्हणाले होते, की दार लावले की कधी कधी. सगळ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची साक्ष ती होती. ती वडिलांनीच दिली आणि तिचे मोल त्यांना कळले नाही.

त्यानंतर दाराचे पॅड निघाले. हँडलमागचा एक स्क्रू, खिशातला एक, आणि मग कडेने एकेक क्लिप, त्याही न मोडता. स्पीकरचा कपलर सोडवून त्याने भिंतीवरल्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल आणला आणि दोन तारांनी स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवला. टक् असा आवाज झाला आणि कागदाचा कोन बाहेर सरकला. म्हणजे कॉइल जिवंत. मीटर लावला, तर 3.7 ओहम, चार ओहमचा म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पीकरचा मीटरवरील विद्युतरोध चारापेक्षा किंचित कमी भरावा, हे योग्यच. स्पीकर सुटला. आता राहिली डेकपासून दारापर्यंत येणारी तार. मीटर सलगतेच्या आवाजावर ठेवून त्याने धाकट्या बहिणीला दार हळूहळू उघडायला आणि मिटायला सांगितले, आणि दार एका ठरावीक कोनात आले, की मीटरची शिट्टी दर वेळी तुटू लागली. मोटारीचा खांब आणि दार यांच्यामध्ये जी रबरी नळी असते, तिच्यातून दारातील सर्व तारा जातात. दार जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा त्या वाकतात. आणि सात वर्षांच्या उघडझापीनंतर त्यांतील एका तारेचे वरचे आवरण शाबूत राहून आतले तांबे तुटले होते. बाहेरून पाहणाऱ्याला ती धडधाकट दिसली असती.

दुरुस्तीचा खर्च ऐंशी रुपये. त्यात लवचीक तारेचा पाऊण मीटरचा तुकडा, थोडे सोल्डर आणि जोडावर चढवून तापवायची आखडणारी नळी एवढेच सामान. परंतु मला थक्क केले ते वेगळ्याच गोष्टीने. तुटलेल्या जागी जोड न देता त्याने नळीतून जाणारा सबंध तुकडाच बदलला होता, आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर, एक दाराच्या आत व एक डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला, घेतले होते.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. दार तिथंच वाकतं ना. तिथं जोड घेतला असता तर परत तुटला असता."

आता पालकहो, थोडे स्पष्ट बोलतो. या मुलाने त्या दुपारी जे केले त्याला तुम्ही "उघडत बसणे" म्हणता. न्यायालयात त्याला तपास म्हणतात, इस्पितळात निदान म्हणतात आणि दोन्ही ठिकाणी त्यासाठी मोठी फी मोजतात. संशयितांची यादी करावी, एका परीक्षेने त्यांतील अर्धे निर्दोष सोडावेत, उरलेल्यांची पुन्हा अर्धी फळी करावी, साक्षीदाराला योग्य प्रश्न विचारावा आणि दोष सापडल्यावर तो पुन्हा उद्भवू नये अशी तजवीज करावी, ही बुद्धीची एक विशिष्ट ठेवण आहे. ती गुणपत्रिकेत उमटत नाही, कारण आपल्या परीक्षेत प्रश्न छापून येतो, आणि मोडलेली वस्तू स्वतःचा प्रश्न कधीच छापून देत नाही. चौसष्ट टक्क्यांच्या त्या कागदावर ही ठेवण कोठेच नोंदलेली नव्हती. दाराच्या आत मात्र ती दोन जोडांच्या रूपाने नोंदलेली होती.

मोटारीतील ध्वनियंत्रणा हा विषय मार्गदर्शनाच्या लेखात शोभत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी तिच्या तक्रारी जरा जवळून पाहाव्यात. एक तक्रार शिटीची. इंजिन चालू झाले की स्पीकरमधून बारीक शीळ येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढते. अशा वेळी स्पीकर बदलणारा कारागीर गिऱ्हाइकाला लुबाडतो किंवा स्वतःला फसवतो, कारण इंजिनच्या वेगाबरोबर बदलणारा आवाज अल्टरनेटरकडून आलेला असतो आणि बहुधा तो एखाद्या कच्च्या अर्थिंगमधून आत शिरतो; ॲम्पची काळी तार ज्या बोल्टखाली दाबली आहे त्याखालचा रंग खरवडून लख्ख पत्रा उघडा केला, की पुष्कळदा शीळ नाहीशी होते. शीळ वेगाबरोबर बदलत नसेल, तर इंजिन निरपराध आहे आणि तपास दुसरीकडे न्यावा. दुसरी तक्रार अशी, की आवाज भरपूर आहे परंतु त्याला पोट नाही, तबला ऐकू येतो आणि डग्गा हरवतो. येथे बहुतेक वेळा एका स्पीकरच्या दोन तारा उलट लागलेल्या असतात. एकाचा कोन बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि दोघे मिळून खालचे स्वर परस्परच खाऊन टाकतात. तोच दीड व्होल्टचा सेल लावून कोन कोणीकडे सरकतो हे पाहिले, की दोष हाती लागतो. हजारोंचा वूफर विकत घेऊन हा रोग बरा होत नाही. घेणारे मात्र घेतात.

तिसरी तक्रार खास आपल्या उपनगरांची, पावसाळ्यातली. पाऊस पडला की मोटारीच्या दारात पाणी शिरतेच. काचेच्या रबरामधून ते आत उतरते आणि दाराच्या तळाशी मुद्दाम ठेवलेल्या भोकांतून वाहून जाते. स्पीकर आणि आतले पॅड यांच्या बाजूला ते येऊ नये म्हणून कारखान्यात तेथे प्लॅस्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो. नवे स्पीकर बसवणारे घाईचे कारागीर हा पडदा फाडतात आणि तो परत लावण्याची तसदी घेत नाहीत. पुढे एक-दोन पावसाळ्यांत कागदाचा कोन मऊ पडतो, लोहचुंबकाच्या फटीत गंज धरतो, आणि कोन दोन्ही अंगठ्यांनी समतोल दाबला असता आत खसखस ऐकू येते. तो स्पीकर मात्र खरोखर मेला. 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा पाण्यात बुडून निघालेल्या मोटारींच्या रांगा मी लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या गॅरेजांसमोर पाहिल्या आहेत, आणि त्या दिवसांत ज्याला वायरिंग वाचता येत होते त्याच्याकडे नगरसेवकही रांगेत उभे होते.

आणि वॉटच्या आकड्याबद्दल तर बोलायलाच हवे, कारण येथे शाळेतल्या पुस्तकाशी थेट गाठ पडते. डेकच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत "50 वॉट गुणिले 4" असे छापलेले असते. इंजिन चालू असता मोटारीत सुमारे 14.4 व्होल्ट मिळतात, स्पीकर चार ओहमचा. 14.4 चा वर्ग 207. त्याला चाराने भागले की जवळजवळ 52. पेटीवरला 50 हा आकडा येतो तो असा. परंतु हा हिशेब स्वराची लाट वरून आणि खालून सपाट छाटली गेली असता लागू पडतो. अखंड, गोल लाटेला त्याच्या निम्मी, म्हणजे 26 वॉट एवढीच शक्ती मिळते, आणि मंडलातली तूट वजा जाता प्रत्यक्ष वीसच्या आसपास उरते. आवाज शेवटपर्यंत वाढवणारा तरुण म्हणूनच गाणे ऐकत नसतो, छाटलेली लाट ऐकत असतो, आणि ती छाटलेली लाट स्पीकरच्या कॉइलला, विशेषतः उंच स्वरांच्या बारीक ट्वीटरला, तापवून जाळते. "शंभर वॉटचा स्पीकर वीस वॉटच्या डेकवर जळलाच कसा?" या प्रश्नाचे उत्तर ओहमच्या नियमात आहे, आणि तो नियम पाठ असलेली नव्वद टक्क्यांची मुले मी पाहिली आहेत, ज्यांना हे उत्तर सुचले नाही. (रात्री अकराला इमारतीखाली मोटार थरथरवणाऱ्या तरुणांना जाता जाता एवढेच सांगतो, की निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची कायदेशीर मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि तुमचे ते शौर्य म्हणजे ध्वनिविद्येची आवड नव्हे.)

रूढ मार्गांबद्दल थोडक्यात. अकरावी विज्ञान, मग जे.ई.ई. किंवा राज्याची सी.ई.टी., मग अभियांत्रिकी; वाणिज्य घेऊन सी.ए.; नीट देऊन वैद्यक. हे सर्व मार्ग चांगले आहेत, त्यांची माहिती प्रत्येक क्लासच्या भिंतीवर लावलेली आहे, आणि ज्या मुलाला गणिताची खरी ओढ आहे त्याने संगणक शाखेकडे जरूर जावे. त्याला अडवणारा मी कोण? माझे भांडण त्या शाखेशी नाही. पोटात त्या विषयाचा कण नसलेल्या मुलाला कोणत्याही महाविद्यालयात, कितीही फी भरून, कर्ज काढून, केवळ शाखेच्या नावासाठी कोंबण्याशी आहे. कनिष्ठ महाविद्यालयात नाव, क्लासमध्ये शरीर आणि दोन्हीकडे मन नाही, अशी दोन वर्षे ज्या मुलांनी काढली, ती तिसऱ्या वर्षी माझ्याकडे पुन्हा येतात. तेव्हा त्यांचे वडील कमी बोलतात.

ज्या मार्गाची चौकशी वर्षातून दोन पालकही करीत नाहीत, तो मात्र मी सविस्तर सांगणार आहे. 1950 पासून देशात कारागीर प्रशिक्षण योजना चालू आहे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली आय.टी.आय., त्याच योजनेतून चालतात. मुलुंडला अशी शासकीय संस्था आहे, बोरिवलीला आहे, अंधेरीलाही आहे. मुलुंडच्या संस्थेवरून रोज रिक्षाने जाणारे किती पालक तिच्या फाटकातून आत गेले असतील, याची मला शंका आहे. दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो, मोटार मेकॅनिकचाही दोन वर्षांचा आहे, वाहनांच्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक भागांचा एक वर्षाचा आहे, आणि आता विद्युत वाहनांच्या मेकॅनिकचाही आला आहे. कोणत्या संस्थेत कोणता व्यवसाय चालतो, हे व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतून पाहावे. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याची मुदत अकरावीच्या धावपळीत हुकते, हा माझा दर वर्षीचा अनुभव आहे.

प्रशिक्षणानंतर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, आणि पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एखाद्या कारखान्यात किंवा अधिकृत सर्व्हिस केंद्रात विद्यावेतनासह उमेदवारी. उमेदवारी हा आपल्या भाषेतला जुना आणि प्रतिष्ठित शब्द आहे; आपल्या आजोबांनी ती कचेरीत केली, छापखान्यात केली, गिरणीत केली, आणि ती केल्यावाचून कोणी कारकून झाला नाही. ज्याला पुढे शिकायचे आहे त्याचेही दार बंद होत नाही. दोन वर्षांच्या आय.टी.आय.नंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ज्यांना दहावीनंतर सरळ पदविकाच हवी, त्यांच्यासाठी वांद्र्याचे शासकीय तंत्रनिकेतन आहे, विलेपार्ल्याचे भगुभाई मफतलाल तंत्रनिकेतन आहे. हा रस्ता लांबचा दिसतो. परंतु त्यावर चालणारा मुलगा प्रत्येक टप्प्यावर हातात काहीतरी घेऊन पुढे जातो.

यावर पालकांचा आक्षेप ठरलेला असतो: "म्हणजे काय सर, मुलाने गाड्यांना टेप बसवायचे?" या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी विकणारा आणि दोष शोधणारा यांतला भेद सांगितला पाहिजे, कारण बाहेरून दोघांचा गाळा एकच दिसतो. 2012 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवरील काळ्या फिल्मला मनाई केली, आणि केवळ फिल्म चिकटवून पोट भरणाऱ्यांचा धंदा एका हुकुमाने बसला. 2017 च्या डिसेंबरात पुढल्या लोखंडी गार्डवर बंदीचे फर्मान निघाले, तेव्हा गार्ड विकणाऱ्यांची पाळी आली. कंपन्यांनीच मोठ्या पडद्याचे डेक कारखान्यातून बसवून द्यायला सुरुवात केल्यापासून डेक विकणारा हळूहळू मागे पडतो आहे. वायरिंग वाचणाऱ्याला यांतल्या कशानेही धक्का लागला नाही. वस्तू बदलत गेल्या. त्या बिघडायच्या मात्र थांबल्या नाहीत.

उलट त्यांची गुंतागुंत वाढली आहे. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवावी. ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई, आणि 2003 च्या 29 ऑक्टोबरला नोंदलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. तिच्या मागच्या फळीवर दोन स्पीकर असले तर टॅक्सीवाला रसिक समजावा, अशी स्थिती होती. 2024 च्या नोव्हेंबरात महिंद्राने ज्या दोन विद्युत मोटारी सादर केल्या, त्यांत सोळा स्पीकरांची हर्मन कार्डनची यंत्रणा मिळते. त्या मोटारी चाकणला बनतात, आणि हर्मनचा मोटारींच्या ध्वनि-उपकरणांचा कारखानाही त्याच चाकणला आहे. विद्युत मोटारीत इंजिनचा घरघराट नसतो, त्यामुळे दारातली सैल क्लिपही मालकाला ऐकू येते व तक्रारवहीत चढते. मोठ्या बॅटरीच्या जोडीला तिच्यातही बारा व्होल्टची जुनी वहिवाट चालूच आहे, आणि दिवे, डेक, काचा हा सर्व संसार तिच्यावरच चालतो. नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या तारांना मात्र प्रशिक्षणावाचून कोणी बोट लावू नये. अशा मोटारीत दोष शोधायचा तर मीटरबरोबर संगणकही लागतो. ज्यांना "कॉम्प्युटर" हवा होता, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

या मार्गाची भलामण करताना त्याचे काटे लपवणे मला शोभणार नाही. सुरुवातीचा पगार थोडा असतो. मे महिन्यात उन्हात तापलेल्या मोटारीत मान वाकडी करून डॅशबोर्डखाली पडून राहावे लागते. लग्नाच्या बाजारात "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला उत्तर देताना आईचा आवाज खाली जातो, हे मी पाहिले आहे. आणि सर्वांत मोठा धोका असा, की उत्साही पालक मुलाला तडक एखाद्या उस्तादाच्या हाताखाली ढकलतात. तेथे त्याला तारा पिळून त्यावर टेप गुंडाळायला शिकवतात, कंपनीचा कपलर कापायला शिकवतात, फ्यूज न लावता बॅटरीवरून तार ओढायला शिकवतात. असल्या जोडांतून ठिणगी उडून मोटारी पेटतात आणि वॉरंटीचा दावा नामंजूर होतो तो वेगळाच. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवा, स्पीकरची काळी तार पत्र्याला कधी टेकवायची नाही, या गोष्टी ज्याच्या हातात कोवळ्या वयात भिनल्या तो पुढे कोठेही गेला तरी निभावतो. उलटे वळण लागलेला हात मात्र सहसा सुधारत नाही. दाखल्यावाचून शिकू देऊ नका. आधी संस्था, मग उमेदवारी, आणि दुकान काढायचे ते त्यानंतर.

मुलांनाही दोन शब्द. मोठा बास आवडतो म्हणून या विद्येकडे वळू नका. आमरस आवडतो म्हणून कोणी आंब्याची बाग लावीत नाही. घरात एखादी वस्तू बिघडली असता ती कोणी दुरुस्त करून आणली, तर तुम्हाला आनंद होतो की आपल्याला पाहू दिले नाही म्हणून राग येतो, एवढे स्वतःला विचारा. राग येत असेल, तर माझ्याकडे या. मुलींनीही यावे, कान आणि चिकाटी यांचा लिंगाशी काही संबंध असल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि वर सांगितलेल्या प्रकरणात दार अचूक त्या कोनात धरून ठेवणारी साडेनऊ वर्षांची बहीण होती, हे तपासाच्या दप्तरात कोणी नोंदले नाही.

परंतु माझा खरा राग आहे तो एका विस्मरणावर. मुलुंडच्या रॅलीवुल्फमध्ये ड्रिल यंत्रे बनत, भांडुपला सिएटचे टायर होत, कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटारी. आज माझ्यासमोर बसून "हाताने काम?" असे नाक मुरडणाऱ्या पालकांपैकी कितीतरी जणांचे वडील या कारखान्यांत फिटर होते, टर्नर होते, इलेक्ट्रिशियन होते, त्यांच्याच पगारातून या उपनगरांतल्या चाळी आणि पुढे सोसायट्या उभ्या राहिल्या, मुलांच्या फिया भरल्या गेल्या. मग पुष्कळ कारखाने बंद पडले, जमिनी विकल्या गेल्या, संपाच्या आणि टाळेबंदीच्या आठवणींनी घरे कडवट झाली, आणि त्या कडवटपणातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघाला, की दोष त्या कामाचाच होता. आजोबांचे पाने अजून माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेले आहेत. नातवाने ते खाली काढले की घरात वादळ होते. त्या बँकवाल्या गृहस्थांना मी सहज विचारले, की तुमचे वडील काय करीत? ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "रॅलीवुल्फला होते. मोटर वाइंडिंग." आणि त्यांनी प्रथमच त्या दिवशी मुलाकडे पाहिले.

मुलाने त्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अर्ज भरला. अर्जावर सही करताना आईने मला दोनदा विचारले, की पुढे पदवी घेता येईल ना. मी दोनदा हो म्हणालो. आता तो अंधेरीच्या एका सर्व्हिस केंद्रात उमेदवारी पुरी करतो आहे आणि पदविकेच्या प्रवेशाचे कागद जमवतो आहे. परवा त्याच्या वडिलांचा दूरध्वनी आला. मला वाटले, प्रवेशाविषयी काही विचारायचे असेल.

"सर, उजव्या दारातूनही आवाज यायला लागलाय. ह्याला सांगितलं, तर म्हणतो रविवारी बघतो, तोवर हात लावू नका, आणि आवाज कधी येतो ते वहीत लिहून ठेवा."

"मग लिहिताय का?"

"लिहितोय. सकाळी नाही येत. गाडी उन्हात उभी राहिली की येतो."